कंसातले घड्याळजी

आत्याने राजीनामा लिहिला तेव्हा तिच्याकडे राजीनामा देण्यासारखी नोकरी नव्हती. नोकरी होती ती छापखान्यात, मुद्रितशोधकाची, आणि तिथून ती रीतसर निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. हा राजीनामा फुकटच्या कामाचा होता, म्हणून तो तिने जास्तच मन लावून लिहिला. तीनदा तपासला, दुसऱ्या परिच्छेदातलं एक 'अत्यंत' काढलं, परत घातलं, आणि गुरुवारी दुपारी एकला भाचीला समोर बसवून खड्या आवाजात वाचून दाखवला.

"'...गेल्या आठ महिन्यांत मी एकशे त्रेचाळीस दुरुस्त्या पाठवल्या. त्यांतल्या एकीलाही उत्तर देण्याची तसदी आपण घेतली नाही. माझं काम अत्यंत निरुपयोगी असावं, या निष्कर्षाप्रत मी आले आहे. तरी शनिवारी दुपारी बारापासून मला मोकळं करावं.' कसा झालाय?"

"अगं आत्या, पण असं एकदम—"

"मजकुराचं विचारत नाहीये मी तुला. भाषा कशी झालीय?"

भाषा उत्तम झाली होती. भाचीला काळजी वाटली ती त्यामुळेच. आत्या रागावली की तिची भाषा बिघडायची. ती शुद्ध झाली म्हणजे आत्या दुखावली.

आणि आत्याला या भानगडीत ओढलं होतं भाचीनेच. भाची नोकरी करायची एका इस्पितळाच्या संगणक विभागात, पण तिचा जीव रमायचा तो ग्रंथालयांसाठीच्या एका प्रोग्रॅममध्ये. कुठल्या कपाटात कुठलं पुस्तक, कुणी नेलं, कधी आणलं, हे सांभाळणारा तो प्रोग्रॅम जगभरची हौशी मंडळी मिळून फुकट लिहायची. लिहायची म्हणजे मुख्यतः एकमेकांचं खोडायची. अमक्या पानावरची तमकी ओळ काढा आणि त्या जागी ही घाला, अशी दुरुस्तीची चिठ्ठी, म्हणजे पॅच, ईमेलने पाठवायचा. त्यावर बाकीच्यांनी ईमेलनेच तुटून पडायचं. आणि त्यातून जे जिवंत राहील ते प्रोग्रॅममध्ये जायचं, असा त्यांचा दंडक. दुसऱ्याच्या चुका काढायच्या, वर त्याबद्दल आभार मानून घ्यायचे, ही कल्पना ऐकताच आत्याचे डोळे लकाकले होते. छापखान्यात तिला चाळीस वर्षांत आभार एकदाच मिळाले होते, तेही निरोप समारंभात, आणि छापील मानपत्रात दोन चुका होत्या.

तिने प्रोग्रॅमच्या मदतपुस्तिकेचा मजकूर हाती घेतला आणि रोज सकाळी साडेनऊला बसून तो सोलायला सुरुवात केली. आठ महिने सोलत होती. पलीकडून अवाक्षर नाही. भाचीकडे ती मनातलं कधी बोलली नाही. फक्त अलीकडे साडेनऊचे पावणेदहा, दहा व्हायला लागले होते. आणि आज हा राजीनामा.

"शनिवारी बाराला पाठवणार," आत्या म्हणाली. "तोवर चुका राहिल्यात का बघते."

भाचीने तडक मुकादमाला ईमेल केला. मुकादम म्हणजे या सगळ्या कारभाराचा प्रमुख. त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. तो एका ओळीत आभार मानायचा आणि चाळीस ओळींत चुका काढायचा, त्यावरून मंडळींनी ते नाव पाडलं होतं. पाऊण तासात त्याचं उत्तर आलं.

'तुमच्या आत्यांना आम्ही आजवर दोनशे सात उत्तरं दिली आहेत. मोजून सांगतो आहे. शिवाय प्रत्येक उत्तराला त्यांच्याकडून पोच आणि अभिप्राय मिळालेला आहे. इतकं नियमित कुणीच नसतं. काही चुकलं का आमचं?'

भाचीने तो मजकूर आत्याला दाखवला. आत्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अभिप्राय? मी? एक अक्षर लिहिलेलं नाही मी या माणसाला. तो पिऊन आहे का गं?"

"नाही गं. तो सकाळचा व्यायाम करतो म्हणे."

"मग खोटारडा आहे." आणि घड्याळाकडे बघून, "दोन वाजले. मी आडवी होते," असं म्हणून ती आत गेली. दोन ते चार ही आत्याची झोपेची वेळ. त्या वेळात घराला आग लागली तरी आधी तिला विचारायचं नाही, असा शिरस्ता होता.

आता मुकादम खोटं बोलत नाही आणि आत्या तर मुळीच नाही, म्हणजे मधला कुणीतरी लबाडी करत होता. मधला म्हणजे 'जासूद'.

जासूद हा पॅच पोचवणारा छोटा प्रोग्रॅम. चिठ्ठीवर ज्यांची ज्यांची नावं असतील, त्या ओळींमधून ईमेलचे पत्ते वेचायचे, प्रत्येकाला प्रत धाडायची आणि उत्तर कुणाच्या दारी जायचं तेही ठरवून द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याचा मूळ कर्ता दोन वर्षांपूर्वी शेळ्या पाळायला निघून गेला, आणि जाताना जासूद भाचीच्या ओटीत घालून गेला. भाचीने त्याची दोन वर्षं निगुतीने देखभाल केली होती. म्हणजे बाहेरून झटकून पुसून ठेवला होता. पत्ते वेचण्याच्या भागाला तिने हात लावला नव्हता, कारण त्या भागाच्या डोक्यावर शेळीवाल्याने लिहून ठेवलं होतं: 'इथे कुणी खुपसू नये. हे कसं चालतं ते मलाही आठवत नाही.' अशी पाटी वाचली की संगणकाची माणसं देवळात शिरल्यासारखी पाय न वाजवता मागे फिरतात.

आज इलाज नव्हता. भाचीने आत्याच्याच टेबलावर लॅपटॉप उघडला आणि जासूदाला दर पावलागणिक बोलायला लावलं: आता काय वाचलंस ते सांग, त्यातून काय उचललंस ते सांग. मग आत्याची एक जुनी चिठ्ठी त्याच्या हाती दिली, खऱ्या टपालात न टाकता, नुसती वाचायला. जासूद वाचू लागला. आत्याच्या नावाची ओळ आली, आणि भाचीने पहिल्यांदाच ती ओळ संपूर्ण पाहिली.

आधी आत्याचं नाव. मग कंसात: 'दुपारी दोन ते चार झोप. फारच तातडीचं असल्यास शेजारचे घड्याळजी,' आणि पुढे घड्याळजींचा ईमेल पत्ता. कंस पूर्ण. मग शेवटी, टोकदार कंसात, आत्याचा स्वतःचा पत्ता.

आणि जासूदाने काय उचललं? तो ओळीच्या डाव्या टोकापासून निघाला, ते ॲटचं वेटोळं जिथे पहिल्यांदा भेटलं तिथे थांबला, तेवढा पत्ता काखोटीला मारला आणि परत फिरला. पुढे आणखी काही आहे का, हे बघायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाचीने लॅपटॉप मिटला आणि चपला सरकवून शेजारी गेली.

घड्याळजींचं दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली. भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येक आपापली वेळ दाखवणारं. बरोबर वेळ फक्त घड्याळजींच्या मनगटावर असायची. ते डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात वाकले होते.

"काका," भाची म्हणाली, "तुम्हाला ईमेल येतात का हो?"

"येतात की. आज तीन आलेत." त्यांनी मान वर केली नाही. "त्या मुकादमांचं लिखाण फार चांगलं असतं. जरा रागीट आहेत, पण मुद्देसूद."

भाची स्टुलावर बसली.

"आठ महिने येतायत?"

"तेवढे झाले असतील. थांब, आहे माझ्याकडे." घड्याळजींनी भिंग काढलं, वाकून टेबलाखालून एक लाकडी खोका ओढला आणि झाकण उघडलं. आत कागदांची चळत. मुलगी परगावी गेली तेव्हा तिचा प्रिंटर मागे ठेवून गेली होती, तो सत्कारणी लागला होता. प्रत्येक कागदाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तारीख आणि क्रमांक. सर्वांत वर दोनशे सात.

"दुकानात आलेल्या वस्तूला चिठ्ठी बांधायची आणि मालक येईपर्यंत सांभाळायची, ही आपली पद्धत," ते म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वीचं एक मनगटी घड्याळ आहे अजून. रोज किल्ली देतो."

"अहो काका, पण मालकीण शेजारीच राहते! रोज साडेचारला तुम्ही दोघं पायरीवर बसून चहा पिता! एकदा तरी म्हणायचं तिला!"

"मला वाटलं, त्यांनाही येत असतील. माझ्याकडे आपली तातडीची प्रत. त्यांनी माझा पत्ता दिला तेव्हा तसंच म्हणाल्या होत्या."

"दोनशे सात वेळा तातडीचं?"

"मलाही जरा जास्त वाटलं," घड्याळजी म्हणाले. "पण संगणकवाल्यांचं सगळंच तातडीचं असतं, असं तूच म्हणतेस. आणि बाईंनी कधी विषय काढला नाही. म्हटलं, कामाच्या गोष्टी पायरीवर बोलत नसतील."

विषय आत्याने काढला नव्हता, कारण आपल्याला कुणी उत्तर देत नाही हे शेजाऱ्याला सांगायचं कसं? तर असे हे दोघे आठ महिने एका पायरीवर बसून शेजारच्या मांजरापासून जगाच्या राजकारणापर्यंत सगळं बोलले होते, एवढं एक सोडून.

"आणि तुम्ही त्यांना काय लिहायचात?"

"लिहायचं काय? माणसानं एवढं सविस्तर लिहिलं तर पोच द्यावी. 'छान आहे. चालू द्या.' खाली 'बाईंकरता' म्हणून सही. प्रत्येकाला स्वतंत्र, हं. एकदाच नक्कल करून नाही चिकटवलं."

चार वाजले. आत्या उठली. भाचीने आणि घड्याळजींनी खोका दोन बाजूंनी धरून तिच्यासमोर आणून ठेवला आणि भाचीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आता आत्या हसेल, डोळे पुसेल, राजीनामा टराटरा फाडेल, असं भाचीने मनात रंगवून ठेवलं होतं.

आत्याने पहिला कागद उचलला. वाचला. दुसरा वाचला. चौदाव्यापर्यंत तिचा चेहरा उजळत गेला, कारण चौदांपैकी अकरांत तिची दुरुस्ती मान्य झाली होती, आणि एकात तर मुकादमाने लिहिलं होतं, 'हे वाक्य पहिल्यांदाच कळलं.' पंधराव्यावर ती थबकली.

"इथं त्यांनी मला प्रश्न विचारलाय. 'हा शब्द का बदलला?' याला उत्तर काय गेलं?"

घड्याळजी जागच्या जागी जरा लहान झाले. "मी लिहिलं की... बाईंनी बदललाय म्हणजे विचार करूनच बदलला असेल. चालू द्या."

"आणि इथं? इथं त्यांनी माझं वाक्य परत जुनं केलंय!"

"त्यालाही... छान आहे म्हटलं."

"दोन्ही छान?"

"दोन्ही मनापासून लिहिलेली होती, बाई."

आत्या उठून उभी राहिली. "मी चाळीस वर्षांत कुणाला 'चालू द्या' म्हटलं नाही! लेखकांना नाही, मालकाला नाही, सख्ख्या भावाला लग्नपत्रिकेवर नाही! विचार ना तुझ्या बापाला!" हे भाचीला. "आणि ही माणसं आठ महिने समजतायत की मी आपली मान डोलावतेय! प्रश्नाला उत्तर नाही, वादाला वाद नाही. काय म्हणत असतील मला? तोंड कुठल्या तोंडाने दाखवू?"

"आत्या, तुझं तोंड त्यांनी पाहिलेलं नाही."

"म्हणूनच!" आत्या म्हणाली. "राजीनामा द्यायचाच. कारण तेवढं बदलते."

आणि खरंच टेबलाशी बसून तिने 'आपण उत्तर दिलं नाही' खोडून 'मी उत्तर दिलं नाही' केलं. 'अत्यंत' तसंच ठेवलं. शनिवार बारा तसेच.

"ते कंसातलं तेवढं काढून टाक ना," भाचीने काकुळतीने सांगून पाहिलं. "उद्यापासून सगळं तुझ्याकडेच येईल."

"का काढू? पत्त्याच्या ओळीत कंस करून शेरा लिहिता येतो. नियम आहे. बेचाळीस पानांचे नियम मी सगळे वाचलेत, तुमच्यातल्या कुणी वाचले नसतील. मी नियमात बसते. तुझा जासूद बसत नाही. सुधारायचं तर त्याला सुधार."

यात खोट काढायला जागा नव्हती. भाचीने शुक्रवारची रजा टाकली.

शुक्रवारी सकाळी तिने पहिली युक्ती केली: जासूदाला सांगितलं, पहिला पत्ता नको, शेवटचा घे. आत्याची ओळ झटक्यात सुधारली. भाची स्वतःवर खूश झाली आणि तिने प्रोग्रॅमशी संबंधित तीनशे बारा माणसांच्या नावांची यादी जासूदाला वाचायला दिली, तेव्हा एकोणीस जणांचे पत्ते बिघडले. जगात आत्यासारखी माणसं विपुल आहेत, पण सगळीच कंस आधी लिहीत नाहीत. एक भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक आपला पत्ता संपल्यावर कंसात बायकोचा पत्ता द्यायचा, 'मी उत्तर न दिल्यास हिला सांगावे' म्हणून. एकाने कंसात कंस आणि त्याच्या पोटात आणखी एक कंस घातला होता. एकीने नावापुढे तिच्या कुत्र्याचं वय लिहिलं होतं आणि ते दर वर्षी नेमाने बदललं होतं.

मग भाचीने शेळीवाल्याचं बांधकाम मुळापासून पाडलं. नवा नियम साधा होता: उघडणारा कंस दिसला की बोटावर एक वाढवायचा, मिटणारा दिसला की एक उतरवायचा, आणि हिशेब शून्यावर असेल तेव्हा जो दिसेल तोच खरा पत्ता. कंसाच्या आत लोक काय वाट्टेल ते लिहोत. दुपारी एकला जासूद तीनशे बारा ओळी सरळ वाचून गेला. निदान कुठे अडखळला नाही.

पण या मंडळींच्या दंडकाप्रमाणे करणाऱ्याने स्वतःचं काम तपासायचं नसतं. दुसऱ्या कुणीतरी बघून 'तपासलं' म्हणावं लागतं, आणि त्याचं नाव चिठ्ठीच्या तळाशी लागतं.

"बघ हं, मला त्यातलं काही कळत नाही," भाचीने बोलावून आणलेले घड्याळजी म्हणाले.

"कळायला नकोय, काका. डावीकडे माणसानं लिहिलेली ओळ आहे. उजवीकडे जासूदानं उचललेला पत्ता. जुळतात का बघायचं, एवढंच."

"एवढंच म्हणजे तेच माझं काम," असं म्हणून त्यांनी भिंग लावलं.

आत्याने खरं तर या सगळ्यातून अंग काढून घेतलं होतं. ती खिडकीशी बसून उशीचा अभ्रा शिवत होती. पण घड्याळजी डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे मान हलवत एकटेच ओळी पडताळत होते, ते तिला बघवेना. बारावी ओळ गेली, तेरावी गेली. अभ्रा बाजूला पडला.

"असं नसतं तपासायचं," ती म्हणाली. "डोळा फसवतो. तुम्ही मूळ मोठ्याने वाचा, मी छापील बघते."

"तुमचा राजीनामा आहे ना?"

"तो उद्या बारापासून. आज मी कामावर आहे. वाचा."

मग रंगच चढला. घड्याळजी वाचायचे, "'कुत्रा, सव्वानऊ वर्षे'", आत्या म्हणायची, "कुत्रा सोडलाय, पत्ता बरोबर, पुढे." ते 'कंस सुरू' म्हणायचे, ती 'कंस बंद' म्हणायची. प्राध्यापकाच्या बायकोपाशी दोघांना हसू आवरेना, कारण शंभर ओळींनंतर तीच बाई स्वतःच्या नावाने यादीत होती आणि तिने कंसात लिहिलं होतं, 'नवऱ्याबद्दल मला विचारू नये.' दोन वाजले, अडीच झाले. आत्या आडवी व्हायला गेली नाही आणि हे तिच्या लक्षातही आलं नाही. भाचीच्या आलं, पण ती गप्प बसली.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या ओळीला आत्या म्हणाली, "इथं काहीच नाही."

"असं कसं? मूळ आहे की. ही कोणी बाई आहे. नावापुढे दोन टिंबं आणि मिटणारा कंस." घड्याळजींनी कागद आडवा करून पाहिला. मग स्वतःची मान वाकडी करून पाहिला. "अहो, ही हसतेय! बाई हसतेय, पण तिचा पत्ता गेला."

भाची धावत आली. बाई खरंच हसत होती. आणि तिच्या हसण्यातला कंस न उघडताच मिटला होता. जासूदाने बोटावरचा एक उतरवला, शून्याच्या खाली गेला आणि तिथून परत वर आलाच नाही. पुढे आख्खा पत्ता होता, पण जासूदाच्या लेखी ती सगळी ओळ पाताळात होती.

"एक ओळ," भाची कपाळाला हात लावून म्हणाली. "शून्यावर असताना मिटणारा कंस दिसला तर काणाडोळा करायचा. एक ओळ राहिली माझी."

"तीनशे बारांत एक," घड्याळजी म्हणाले. "वाईट नाही. माझं याहून वाईट झालेलं आहे."

आत्या मात्र त्यांच्याकडे बघत राहिली होती. मग ती उठली, खोक्यात हात घालून काहीतरी शोधू लागली आणि एक कागद काढून आणला. क्रमांक त्र्याण्णव. त्यात मुकादमाने आधी आलेली पोचच उतरवून खाली 'दुरुस्त केलं' म्हटलं होतं. काल रागाच्या भरात वाचता वाचता इथे ती अडखळली होती, पण बोलली नव्हती.

"हे तुम्ही लिहिलंत? 'एप्रिलला एकतिसावा दिवस नसतो. बाकी छान आहे.'"

"तारखेच्या घड्याळांचा धंदा आहे, बाई. तिसाच्या महिन्याला काटा पुढे सरकवायला लोक माझ्याकडेच येतात. मुकादमांनी उदाहरणात एकतीस एप्रिल घातला होता."

"ते पान मी दोनदा तपासलं होतं," आत्या म्हणाली.

भिंतीपलीकडून घड्याळांचे तीन, मग सव्वातीन, मग पुन्हा तीनचे टोले पडले.

"बाकी छान होतं," घड्याळजी हळूच म्हणाले.

शनिवारी सकाळी अकराला चिठ्ठी तयार झाली. काय बिघडलं होतं त्याचं वर्णन आत्याने लिहून दिलं. ('मी इथून जाताना घाण ठेवून जाणार नाही.') तळाशी 'कळवले' म्हणून तिचं नाव, कंसासकट. भाचीने सवयीने हात पुढे केला आणि जुन्या जासूदाला हाक मारणार, तेवढ्यात घड्याळजींनी विचारलं, "हे कशाने पाठवतेस?"

"जासूदाने."

"दुरुस्त केलेल्या?"

भाचीचा हात हवेत राहिला. दोन दिवस राबून नीट केलेला जासूद बाजूला उभा होता, आणि ही जुन्याच बिघडलेल्याच्या हाती आपल्या दुरुस्तीची खबर देऊन त्याला धाडायला निघाली होती. उत्तर पुन्हा घड्याळजींच्याच खोक्यात जाऊन पडलं असतं.

"दुरुस्त केलेलं घड्याळ मी गिऱ्हाइकाला देण्याआधी एक दिवस स्वतःच्या मनगटावर घालतो," ते म्हणाले. "आपल्याच कामाची आपल्याला भीती वाटली तर तोही शेरा समजायचा."

भाचीला भीती वाटली. तरी तिने नवा जासूद पुढे केला. बटण दाबायच्या आधी तिची नजर घड्याळजींवर गेली. कागद आता आत्याच्या कपाटात गेले होते, आणि ते रिकामा खोका मांडीवर घेऊन बसले होते आणि आतला दोरा गुंडाळत होते. हे बटण दाबलं की उद्यापासून त्यांच्याकडे काहीच येणार नव्हतं, ना मुद्देसूद राग, ना पोच देण्यासारखं कुणाचं सविस्तर लिहिणं, आणि जासूदातली शेवटची चूक हसत हसत शोधून दिली होती त्यांनीच.

"दाब की," ते म्हणाले. "दुसऱ्याची पत्रं आपल्याकडे येणं बरं नव्हे. मला आपलं त्या निमित्ताने..." पुढे त्यांनी दोरा नीट गुंडाळला.

"थांब," आत्या म्हणाली. तिने भाचीला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. चिठ्ठीच्या तळाशी तिने दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत नवी ओळ लिहिली: 'तपासले', पुढे घड्याळजींचं नाव, पुढे त्यांचा पत्ता. त्यांच्या स्वतःच्या ओळीत, टोकदार कंसात, रीतसर.

"तपासणाऱ्याचं नाव लागतं," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "नियम आहे. आणि ज्याचं नाव लागतं त्याला प्रत जाते. प्रश्नही जातात. आता नुसतं 'छान आहे' चालणार नाही हं, घड्याळजी. मत द्यावं लागेल."

"मत?" घड्याळजींनी घाबरून विचारलं. पण दोरा खाली ठेवला.

आत्याने बटण दाबलं.

मग तिघं बसून राहिली. आत्याने राजीनामा उघडून समोर ठेवला. भाची नखं खाऊ लागली. अकरा वाजून अडतीस मिनिटांनी आत्याच्या संगणकातून 'टिंग' असा आवाज आला. आठ महिने तो संगणक मुका होता, त्यामुळे आत्या आधी दाराकडेच बघायला लागली.

मुकादमाचं उत्तर होतं. पत्ता आत्याचा. एका ओळीत आभार. जासूदाची दुरुस्ती स्वीकारली. खाली मात्र मोठा मजकूर: 'तुमच्या वर्णनातलं तिसरं वाक्य मला पटलं नाही. "जासूद पत्ता चुकतो" हे चूक आहे. जासूद पत्ता निवडण्यात चुकतो. मी बदल करून घेतला आहे. आणि गेल्या आठ महिन्यांतले माझे सव्वीस प्रश्न अनुत्तरित आहेत, ते पुन्हा जोडत आहे. आपण विद्वान दिसता, पण आपण फार लवकर मान्य करता असं माझं मत झालं आहे.'

आत्याने ते पुन्हा वाचलं. तिचे कान लाल झाले. गालही. भाचीने बारा वर्षांत तिला एवढी सुंदर दिसताना पाहिली नव्हती.

"लवकर मान्य करते? मी?" तिने बोटं मोडली. "कोण समजतो कोण हा स्वतःला? 'निवडण्यात चुकतो' म्हणे! मग माझ्या वाक्यात वेगळं काय होतं?"

"आत्या, आणि हा राजीनामा?"

"कुठला? सरकव तो तिकडे, मला हात ठेवायला जागा नाही." आणि ती टंकायला लागली. एकेक अक्षर शोधायची गती कुठे गेली कोण जाणे.

घड्याळजी केव्हा उठून आपल्या दुकानात गेले ते दोघींना कळलं नाही. आत्याने पहिल्या प्रश्नाचं उत्तर संपवलं, दुसऱ्याला हात घातला आणि पुन्हा 'टिंग' झालं. मुकादमाला लिहिलेलं उत्तर होतं ते, तिला प्रत. आत्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि खुर्ची मागे ढकलून खिडकीशी गेली.

"घड्याळजी!" ती पलीकडे ओरडली. "'तिसऱ्या वाक्याबाबत मला मुकादमांचं म्हणणं पटतं'? हे काय लिहिलंत?"

"वाचा ना शांतपणे," भिंतीपलीकडून आवाज आला. "आता येतंय ना तुमच्याकडे?"